दोनशे चौदा फाइल्स आणि एक कडी

पक्के हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते ऑफिसने दिलेलं. कुणी काम मागायला गेलं की हे गृहस्थ खुर्ची अर्धवट वळवत, चष्मा कपाळावर ढकलत आणि म्हणत, "पक्कं झालं की देतो." हे वाक्य त्यांनी इतक्यांदा आणि इतक्या शांतपणे ऐकवलं होतं की पुढे पुढे लोक त्यांना त्याच नावाने हाक मारू लागले. त्यांना ते आवडायचं. आपल्या कामाच्या मजबुतीवरून हे नाव पडलं, अशी त्यांची समजूत होती. माणसाने स्वतःबद्दल काय समजावं यावर अजून तरी कुणी बंदी घातलेली नाही.

ऑफिस चौथ्या मजल्यावर होतं. एक लांबलचक टेबल, अकरा माणसं, कोपऱ्यात पाण्याचं यंत्र आणि त्याच्या गळक्या नळाखाली कायमचा ठेवलेला कप. ही मंडळी दुसऱ्यांसाठी कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहून देत. त्यातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारी एक कंपनी. शहरात कुठे लिफ्ट बंद पडली की तक्रार प्रोग्राममध्ये यायची आणि कुठल्या मिस्त्रीला आधी कुठे पाठवायचं हे प्रोग्रामने ठरवायचं. ज्या इमारतीत हा प्रोग्राम लिहिला जात होता तिची लिफ्ट मात्र आठवड्यातून तीन दिवस बंद असे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. फक्त इथे दिव्यापर्यंत चार जिने चढून यावं लागे.

ऑफिसात एक नियम होता. संध्याकाळी साडेपाच वाजले की ज्याने त्याने दिवसभराचं काम कमिट करायचं, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक साठ्यात नोंदवून टाकायचं, आणि मगच बॅग उचलायची. त्या साठ्याला सगळे रेपो म्हणत. रेपोत गेलेल्या कामाला मरण नाही. कुणाचं मशीन जळो, कुणी आजारी पडो, काम जागच्या जागी. कुणी काय केलं, कधी केलं, कुठली ओळ कुणाच्या हातची, सगळं नावानिशी राहतं. साडेपाचला टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कीबोर्ड वाजत. वाजत नसे तो एकच, खिडकीजवळचा.

पक्के कमिट करत नसत. आज नाही, काल नाही, गेले आठ महिने नाही. ते त्या लिफ्टच्या प्रोग्रामची संपूर्ण रचनाच नव्याने बांधत होते, आणि ती पुरी होईपर्यंत कुणाच्या नजरेला पडू द्यायची त्यांची तयारी नव्हती. कच्चं काम दाखवलं की लोक खोड्या काढतात, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही होतं. ते स्वतः दुसऱ्यांच्या कामात दिवसभर तेच करत.

ते ज्या एडिटरमध्ये प्रोग्राम लिहीत, त्याच्या डाव्या पट्टीवर एक छोटा निळा आकडा दिसे. किती फाइल्स बदलून अजून कमिट केलेल्या नाहीत, त्याचा तो आकडा. इतरांचा दिवसभरात तीन-चारवर जाई आणि संध्याकाळी पुसला जाई. पक्केंचा दोनशे चौदा होता. साधारण माणसाला तो बघून घाम फुटला असता. पक्के तो आल्यागेल्याला छातीवरच्या पदकासारखा दाखवत.

त्यांच्या शेजारी एक बाई बसे. तिचं काम याच प्रोग्राममध्ये, पण डागडुजीचं. ती दिवसातून चार-चार, पाच-पाच वेळा कमिट करायची, आणि प्रत्येक वेळी खाली एक साधी नोंद. 'मजल्याचा आकडा रिकामा असेल तर प्रोग्राम बंद पडत होता, आता पडत नाही.' 'यादी उघडायला अकरा सेकंद लागत होते, आता दोन.' पक्केंनी तिचं नाव मुंगी ठेवलं. "मुंग्या साखरेचे दाणे वाहतात," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत, "महाल बांधत नाहीत." ती चिडली असती तर लोकांना आणखी मजा आली असती, पण ती नुसती हसली. नाव मात्र चिकटलं. ऑफिसने त्याला ताई जोडलं आणि ती मुंगीताई झाली. तिचं खरं नाव फक्त हजेरीपटावर आणि रेपोत उरलं.

पक्केंचा आणखी एक छंद म्हणजे उपदेश. कुणाच्या हातून काही पुसलं गेलं, कुणी घाईत चुकीचं बटण दाबलं, की पक्के उठून त्याच्यामागे जाऊन उभे राहत. "मशीन विचारतं तेव्हा वाचावं. ते उगाच विचारत नाही. पण आपल्याला वाचायला नको, आपल्याला नुसतं 'हो' म्हणायला हवं!" हा उपदेश ऑफिसातल्या प्रत्येकाने निदान दोनदा ऐकला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, ही म्हण पक्केंना पाठ होती. तिचा दुसरा अर्धा भाग आठवायची त्यांच्यावर वेळ यायची होती.

घरीही महाल बांधणं चालूच होतं. आठ महिन्यांपूर्वी बाथरूमच्या दाराची कडी सैल झाली. बायको म्हणाली, दोन स्क्रू पिळा. पक्केंनी कडी काढली, दाराची चौकट तपासली आणि जाहीर केलं की मुळात चौकटच कलली आहे, तेव्हा कडीचं काम वरवर करण्यात अर्थ नाही. कडी आणि चार स्क्रू एका डबीत घालून त्यांनी ती टीव्हीच्या कपाटावर ठेवली. तेव्हापासून त्या घरात आंघोळीला जाणारा माणूस मोठमोठ्याने खोकत जाई आणि खोकतच बाहेर येई. दोन महिन्यांपूर्वी सासूबाई राहायला आल्या. त्यांना खोकणं कमीपणाचं वाटे. त्या दाराला आतून भरलेली बादली लावत.

"जावईबापू करतात तरी काय एवढं?" त्यांनी लेकीला विचारलं.

"मोठं काम आहे म्हणतात."

"असेल बाई. मोठ्या कामाला कडी लागत नसेल."

एका सोमवारी साहेबांनी, म्हणजे ऑफिसच्या मालकांनी, पक्केंना आपल्या काचेच्या खोलीत बोलावलं. साहेब मऊ माणूस होते. आठ महिने त्यांनी वाट पाहिली होती, ती काही पक्केंवरच्या विश्वासाने नव्हे. विचारलं की पक्के एक तास बोलत, आणि त्या तासाचं त्यांना भय वाटे. पण आता गिऱ्हाइकाचा धीर सुटला होता.

"गुरुवारी चार वाजता ते येतायत," साहेब म्हणाले. "तुमची नवी रचना बघणार. पटली तर पुढची तीन वर्षं काम आपल्याकडे, आणि त्या कामाचे प्रमुख तुम्ही. नाही पटली, तर ते दुसरीकडे जातील. मग तुम्हाला या खुर्चीवर ठेवायला माझ्याकडे काही कारण उरणार नाही, पक्के. स्पष्ट सांगतो."

"होईल," पक्के म्हणाले. "फक्त माझ्या मशीनवरूनच दाखवावं लागेल. बाकी कुठे ते नाहीच."

"त्याची एखादी प्रत तरी?"

"पक्कं झाल्याशिवाय प्रत कशाची काढायची?"

साहेबांनी मान डोलावली. त्यांना पुन्हा तो एक तास नको होता.

गुरुवारी सकाळी बायकोने इस्त्रीचा शर्ट हातात दिला. पक्के खुशीत होते. जिना चढताना त्यांनी प्रमुख झाल्यावर करायच्या भाषणाची सुरुवातही मनात जुळवून टाकली. दुपारी दोन वाजता ते मशीन आवरायला बसले. आपला पडदा आज भिंतीवर, दहा पट मोठा दिसणार. पाहुणे यायच्या आधी घर आवरावं तशा त्यांनी उघड्या पडलेल्या सगळ्या फाइल्स एकेक करून मिटल्या. आणि मग त्यांना ती ओळ आठवली.

मुंगीताईची एक फाइल होती, तिने या ऑफिसात लिहिलेली पहिली. कुठली तक्रार आधी घ्यायची याचे नियम त्यात होते. ते लिहिण्यासाठी ती आठवडाभर त्या लिफ्ट कंपनीत जाऊन बसली होती. फाइल एवढी नीट चालत होती की पुढे तिला स्वतःलाही तिच्यात हात घालावा लागला नाही. आठ महिन्यांपूर्वी, नवी रचना हाती घेतली त्या उत्साहात, पक्केंनी त्या फाइलच्या डोक्यावर एक टीप लिहून ठेवली होती. प्रोग्राम चालताना टीप वाचत नाही. ती माणसांसाठी असते. टीप अशी होती: 'हा मुंग्यांनी पाडलेला रस्ता. खरा रस्ता मी बांधतोय. तोवर चालवून घ्या.'

लिहिली तेव्हा त्यांना ती फार चुरचुरीत वाटली होती. पण आज खोलीत मुंगीताई असणार, साहेब असणार. पक्केंनी ती फाइल उघडली. ओळ हाताने खोडायला पाच सेकंद लागले असते. पण हाताने खोडणं हे मुंग्यांचं काम. पक्केंना व्यवस्थित रीतीने जायचं होतं.

आता ही रीत काय, ते सांगायला हवं. डाव्या पट्टीत बदललेल्या फाइल्सची यादी असते. प्रत्येक फाइलसमोर मागे वळलेला एक बारीक बाण. तो दाबला की त्या फाइलमधले तुमचे बदल टाकून दिले जातात आणि ती शेवटच्या कमिटला होती तशी होते. यादीच्या डोक्यावर मथळ्याची एक ओळ असते, आणि तिच्यासमोरही हुबेहूब तसाच बाण. तो सगळ्या यादीसाठी. मुंगीताईची फाइल यादीत सगळ्यात वर होती. म्हणजे दोन बाणांमध्ये अंतर होतं ते बोटाच्या पेराचंही नाही.

पक्केंनी माऊस नेला, आणि तेवढ्यात काचेच्या खोलीतून साहेबांनी हाक मारली, "पक्के, प्रोजेक्टरची वायर बघितली का हो?"

"आलो, आलो!" पक्के मान वळवून म्हणाले आणि बाण दाबला.

मशीनने विचारलं. चांगलं दोन ओळी भरून विचारलं. दोनशे चौदा फाइल्समधले सगळे बदल टाकून द्यायचे, असं तुम्हाला खरंच म्हणायचंय का? हे मागे घेता येणार नाही. तुमचं आत्तापर्यंतचं काम कायमचं जाईल. इतक्या कळवळ्याने तर त्यांच्या घरीही त्यांना कुणी विचारत नसे. पक्केंनी मान परत वळवली, समोर चौकट दिसली, आणि चौकटीला जे करायचं असतं ते केलं. हो.

वायर देऊन ते परत आले आणि डाव्या पट्टीकडे बघत उभेच राहिले. तिथला निळा आकडा नव्हता. शून्य लिहायचीही तसदी एडिटरने घेतली नव्हती.

आधी त्यांना वाटलं, पडदा अडकलाय. मग वाटलं, आपण भलतीच खिडकी उघडलीय. मग त्यांना ती न वाचलेली चौकट आठवली. ते खाली बसले आणि जगातला प्रत्येक माणूस अशा वेळी जी दोन बटणं दाबतो ती त्यांनी दाबली, केलेलं मागे घेण्याची. आणि आश्चर्य म्हणजे आकडा परत आला.

एक.

मागे घेता येतं ते फक्त उघड्या असलेल्या फाइलमधलं. बाकी सगळ्या फाइल्स त्यांनी स्वतःच्या हाताने मिटल्या होत्या. पाहुणे येणार ना! उघडी होती एकच. जी ओळ टाकून द्यायची होती ती तेवढी परत आली, आपोआप सेव्हही झाली, आणि जे ठेवायचं होतं ते सगळं गेलं. फाइल्सच्या जुन्या प्रती आपोआप जपून ठेवायची सोयही त्या एडिटरमध्ये असते. पक्केंनी ती बंद केली होती. मशीन जड होतं, आणि शिवाय आपण चुकतोच कुठे, म्हणून.

अडीच वाजले होते. पक्केंनी कोरा कागद घेतला. ठरवलं की दोनशे चौदा फाइल्समध्ये काय काय होतं ते आठवेल तसं लिहून काढायचं. त्यांनी लिहिलं, 'मुख्य रचना.' खाली लिहिलं, 'उपरचना.' खूप विचार करून तिसरी ओळ लिहिली, 'दोन्हींना जोडणारी रचना.' चौथी ओळ सुचेना. आठ महिने सकाळ-संध्याकाळ ज्याच्यावर बसले, ते नेमकं काय होतं हे त्यांना सांगता येईना. ते कधी एकदाही सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाललं नव्हतं, हे मात्र आठवलं. पक्केंना रडू आलं. जिन्याजवळच्या टॉयलेटमध्ये जाऊन ते रडले. त्या दाराला कडी होती.

तीन वाजून दहा मिनिटांनी ते तोंड धुऊन आले. चार वाजता भिंतीवर काहीतरी दिसायलाच हवं होतं. आठ महिन्यांत त्यांनी रेपोतून इतरांचं काम आपल्या मशीनवर घेतलंच नव्हतं. घेतलं की त्यांच्या बदलांशी त्याची टक्कर व्हायची, आणि मग दुसऱ्याचं काम वाचून समजून घ्यावं लागायचं. आता टक्कर व्हायला मागे काही उरलंच नव्हतं. त्यांनी सगळं खाली ओढलं. सहाशे अकरा कमिट्स उतरले. एकही अडला नाही. ती एक टीपवाली फाइलही आड आली नाही, कारण रेपोत तिला आठ महिने कुणी हात लावलाच नव्हता. या धावपळीत पक्केंच्या डोक्यातून ती साफ गेली.

त्यांनी प्रोग्राम चालू केला. तो चालला. नुसता चालला नाही, सुरेख चालला. यादी उघडायला दोन सेकंद. मजला रिकामा ठेवला तरी बंद पडेना. तक्रारी आपोआप आपल्या जागी जाऊन बसत होत्या. पक्के आठ महिने जो महाल बांधतो म्हणत होते, तो कुणीतरी शेजारच्या खुर्चीवर बसून, दाणा दाणा वाहून, उभा करून ठेवला होता. इथे एखाद्याला शरम वाटली असती. पक्केंना हायसं वाटलं.

चार वाजता लिफ्ट कंपनीचे एक जुने मिस्त्री आले, चार जिने चढून, धापा टाकत. "तुमची लिफ्ट आमच्याकडे नोंदवा," ते पहिल्यांदा म्हणाले. साठीचे गृहस्थ. हेल्परपासून चढत चढत तक्रार विभागाचे प्रमुख झालेले, पण बोटांच्या रेषांतलं ग्रीस काही निघालेलं नव्हतं. खोलीत साहेब होते, आणि टिपणं घ्यायला मुंगीताई.

पक्केंनी प्रोग्राम दाखवला. मिस्त्रींनी पाच खोट्या तक्रारी टाकायला लावल्या, मग दहा, मग मुद्दाम चुकीचा पत्ता. प्रोग्रामने कशालाच दाद दिली नाही. मिस्त्रींचा चेहरा खुलत गेला.

"हे आम्हाला पाहिजे होतं," ते साहेबांना म्हणाले. "अगदी हेच. कुणी केलं?"

साहेबांच्या जिवात जीव आला होता. "हे आमच्या पक्केंचं आठ महिन्यांचं तप," ते म्हणाले.

मुंगीताईचं पेन थांबलं. भिंतीवर चाललंय ते तिने ओळखलं नसेल असं कसं होईल? त्यातली बहुतेक प्रत्येक गोष्ट तिच्या हातची होती. तिने पक्केंकडे पाहिलं. खरं सांगायला लागलं असतं एक वाक्य. पक्केंनी चष्मा कपाळावर ढकलला.

"तसं टीमचाही थोडा हात आहे," ते म्हणाले.

इथवर सगळं पक्केंच्या मनासारखं झालं होतं. घोडं गंगेत न्हालं, असंच कुणीही म्हणालं असतं. पण मिस्त्री जागचे उठेनात.

"एक बघायचंय. एका ठिकाणी लिफ्ट नुसती बंद आहे आणि दुसऱ्या ठिकाणी माणूस अडकलाय. आधी कुठे जायचं, हे कुठे लिहिलंय यात? तीस वर्षं ते माझ्या डोक्यात होतं. मागे या बाई आमच्याकडे आठवडाभर येऊन बसल्या होत्या, त्यांना सांगितलं होतं मी. ते उतरलंय कसं, तेवढं दाखवा. मला प्रोग्राममधलं कळत नाही, पण बघायचंय."

"दाखवतो की," पक्के म्हणाले आणि एडिटर पुढे आणला.

एडिटरमध्ये एकच फाइल उघडी होती. भिंतभर अक्षरं पसरली, आणि सगळ्यात वर, बोटाएवढ्या जाडीत, ती टीप. 'हा मुंग्यांनी पाडलेला रस्ता. खरा रस्ता मी बांधतोय. तोवर चालवून घ्या.'

मिस्त्रींनी ती मोठ्याने वाचली. त्यांना मोठ्यानेच वाचायची सवय होती. "हे काय?" त्यांनी विचारलं. "आणि या प्रत्येक ओळीच्या शेवटी फिकट अक्षरात नाव कुणाचं येतंय?"

त्या एडिटरमध्ये कुठल्याही ओळीवर गेलं की ती कुणी लिहिली ते शेवटाला दिसायचं. पक्केंच्या हातून माऊस हलत होता, आणि ओळीमागून ओळ तेच नाव येत होतं, हजेरीपटावरचं. मिस्त्रींनी दुसरी फाइल उघडायला लावली. तिथेही तेच. तिसरीतही बहुतेक तेच. पहिल्या फाइलवर परत येऊन माऊस टिपेवर थांबला. तिच्या शेवटी लिहून आलं: 'तुम्ही. अजून कमिट केलेलं नाही.'

"पक्के," साहेब हळू आवाजात म्हणाले, "तुमचं काम कुठंय? ते दोनशे चौदा?"

"गेलं."

"गेलं म्हणजे?"

"मीच टाकून दिलं. दुपारी. चुकून." मग त्यांना वाटलं की आता अर्धवट सांगण्यात काही राम नाही. "हे सगळं यांचं आहे. मी तीन वाजता रेपोतून घेतलं. माझी एवढी एकच ओळ आहे."

पाण्याच्या यंत्राचा कप भरल्याचं बाहेरून ऐकू आलं. शेवटी मिस्त्रींनीच तोंड उघडलं, आणि ते रागावलेले नव्हते, म्हणून जास्त लागलं.

"लिफ्टमध्ये अडकलेला माणूस निदान घंटा तरी वाजवतो, साहेब. तुम्ही आठ महिने आत बसलात आणि घंटासुद्धा वाजवली नाहीत?"

पक्केंनी कपाळावरचा चष्मा खाली डोळ्यांवर ओढला. एरवी ते यावर तासभर बोलले असते.

मुंगीताईने वही मिटली. "सर, साडेपाच वाजायच्या आत या ओळीचं काय ते ठरवा," ती म्हणाली. "काढली, तर आठ महिन्यांच्या नोंदीत तुमचं नाव कुठेच येणार नाही. कमिट केली, तर येईल. पण या ओळीवर." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. समोर अडकलेली गोष्ट सोडवायची, एवढंच तिला माहीत होतं.

पक्के त्या ओळीकडे बघत राहिले. आणि खोटं कशाला बोला, एक क्षणभर त्यांच्या मनात आलं की राहू द्यावी. काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरं. अहंकाराला भूक लागली की तो स्वतःची फजितीसुद्धा खातो. पण मग त्यांचं लक्ष मुंगीताईकडे गेलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. ती आपली ओळ नि ओळ बघत होती, कुठे काही चुकलंय का म्हणून. त्यांना मनापासून लाज वाटली. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

त्यांनी माऊस यादीवर नेला. मथळ्याचा बाण सोडून खालच्या बाणावर. दाबला. चौकट आली.

"वाचा, सर," मुंगीताई म्हणाली.

पक्केंनी वाचलं. मोठ्याने, पूर्ण, शेवटच्या शब्दापर्यंत. या फाइलमधले तुमचे बदल टाकून द्यायचे का? हे मागे घेता येणार नाही. वाचून झाल्यावरही ते थोडं थांबले. मग 'हो' म्हणाले. टीप गेली, आकडा गेला, आणि वर मुंगीताईची पहिली ओळ दिसू लागली: 'आधी माणूस, मग मशीन.' मिस्त्री खुर्ची पुढे ओढून ती वाचू लागले.

तीन वर्षांचं काम ऑफिसला मिळालं. प्रमुख मुंगीताई झाली. साहेब मऊ असल्यामुळे पक्केंची नोकरी वाचली. त्यांना तिच्या हाताखाली दिलं, खिडकी सोडून पाण्याच्या यंत्राजवळ, आणि अट एकच, साडेपाचला कमिट. भाषणाची जी सुरुवात त्यांनी जिन्यात जुळवली होती ती कुणाला ऐकावी लागली नाही.

त्या दिवशी ते उजेड असतानाच घरी आले. बायकोने चेहरा बघितला आणि काही विचारलं नाही. पक्केंनी टीव्हीच्या कपाटावरची डबी काढली, धूळ पुसली, स्क्रू ड्रायव्हर शोधला आणि बाथरूमच्या दारापाशी उकिडवे बसले. चौकट खरोखरच कललेली होती. कडी किंचित वाकडी बसली. पण सरकली, आणि लागली. चार स्क्रू, सात मिनिटं.

सासूबाई टॉवेल घेऊन आल्या. त्यांनी दाराकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, बादली पायाने बाजूला सारली आणि आत गेल्या. आतून कडी लागल्याचा आवाज आला. मग त्यांचा आवाज आला.

"जावईबापू, एवढंच होतं?"

पक्के दाराबाहेर स्क्रू ड्रायव्हर हातात धरून उभे होते. "हो," ते म्हणाले. "एवढंच."